भोंगा ऐकू येतो तोवर

आमच्या कॉलेजच्या गच्चीवर एक भोंगा होता आणि त्याच्या जिवावर मी शिकले. माणसं आपल्या शिक्षणाचं श्रेय आईवडिलांना देतात, गुरूंना देतात, कुणी शिष्यवृत्तीला देतं. मीही आईवडिलांना देते, पण त्यांच्या आणि माझ्या मधे तो भोंगा उभा होता. त्याला वगळून मला ही हकीकत सांगताच येत नाही.

स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. धुळ्याच्या बाहेर, कपाशी-ज्वारीच्या शेतांत आमचं कॉलेज नवंच उभं राहिलं होतं. एका अंगाला जिनिंग फॅक्टरीचं आवार आणि कापसाचे ढीग, दुसऱ्या अंगाला कडब्याच्या गंज्या. पहिल्याच उन्हाळ्यात मुलांच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं छप्पर पेटलं आणि शहरातून बंब येईपर्यंत जळून खाक झालं. कुणी दगावलं नाही, पण संस्थेच्या मंडळींनी धसका घेतला. त्यांच्यातले एक मारवाडी शेठजी देवळालीला लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावाला गेले होते. ते येताना लढाईच्या काळातला एक भोंगा घेऊन आले. बॉम्ब पडायच्या आधी लोकांना सावध करण्यासाठी तो बनवलेला. लोखंडी तिपाईवर बसवलेला, तांबडा, दोन्ही बाजूंना मुठी. दोन शिपाई समोरासमोर उभे राहून त्या मुठी फिरवायचे. आधी घशातल्या घशात घुरघुर, मग आवाज चढत चढत असा वर जायचा की आवारातली कुत्री शेपट्या घालून भिंतीकडेला बसायची. मुठी सोडल्या तरी तो बराच वेळ रडत रडत खाली यायचा. शहरात गिरणीलाही भोंगा होता, पण तो पाळीचा. 'आपला भोंगा संकटाचा आहे,' असं आमचे प्रिन्सिपॉल सर अभिमानाने सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, संकट हाही कॉलेजात शिकवायचा एक विषय आहे.

आमचं गाव तिथून पूर्वेला कोसभर. कोस म्हणजे काही फार नाही, पण मधे नाला होता. पावसाळ्यात तो भरला की दोन-दोन दिवस वाट बंद. शिवाय वाढलेल्या ज्वारीतून एकट्या मुलीने रोज जाणं-येणं कुणाच्या स्वप्नातही येणारं नव्हतं. म्हणजे शिकायचं तर वसतिगृहात राहायचं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना हट्टी नव्हते. फक्त त्यांचं एकदा ठरलं की ते त्यांना स्वतःलाही बदलता यायचं नाही. आमच्या लहानपणी त्यांचा एकच नियम होता. पोरांनी खेळायला कुठंही जावं, पण हाक ऐकू येईल तिथवरच. दिवेलागणीला ते खळ्यावर उभे राहून एकेकाला हाक मारायचे आणि ज्याची 'ओ' आली नाही त्याचा दुसऱ्या दिवशी खेळ बंद. मी मामाकडे राहून मॅट्रिक झाले, तर तिथे नानांच्या वतीने मामा हाका मारायचा. आता कॉलेज म्हणजे कोसभर लांब आणि तिथे ना मामा ना मावशी. गावच्या पाटील आबांनी तर नात्यातलं एक स्थळही सांगून ठेवलं होतं. नाना त्यांना ना हो म्हणत होते, ना नाही. पोर घरी बसली तर बघू, एवढंच म्हणत होते. मी घरी बसले की अक्षता पडणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी माझ्या रडण्याला कंटाळून जूनमध्ये ते मला घेऊन कॉलेज बघायला आले. प्रिन्सिपॉल सरांनी वर्ग दाखवले, पुस्तकं दाखवली, मुलींसाठी राखून ठेवलेली कौलारू बंगली दाखवली. नाना सगळीकडे मान डोलवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'नाही' लिहिलेलं मला स्वच्छ दिसत होतं. शेवटी सरांनी गच्चीवर नेऊन भोंगा दाखवला. नुसता दाखवला नाही, शिपायांकडून वाजवून दाखवला. नाना दोन्ही हात कानांवर ठेवून तो संपेपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारला. हा कुठवर ऐकू जातो?

"कोसभर तर सहज," सर म्हणाले.

"काही झालं तर वाजाडशात?"

"त्यासाठीच तर आहे."

नाना घरी आले. दर सोमवारी सकाळच्या तासांनंतर भोंग्याची चाचणी होते, असं सरांनी सांगितलं होतं. त्या सोमवारी ते विहिरीच्या थारोळ्यावर मोट थांबवून बसले. पावसाळी वारा कॉलेजकडून आमच्याकडे वाहत होता. भोंगा आला, बारीक पण स्पष्ट. नाना उठले आणि मला म्हणाले, "भोंगा ऐकू येस तोवर शिक. काही झालं त तो वाजी, तो वाजना की मी येसू." त्यांच्या लेखी मी आता हाकेच्या अंतरावर होते. मी आनंदाने वेडी झाले. त्या अटीत पुढे काय काय दडलेलं आहे, हे मला तेव्हा दिसलं असतं तरी मी होच म्हटलं असतं.

पहिल्याच सोमवारी अट दारात येऊन उभी राहिली. चाचणी होऊन गेली, आम्ही जेवायला बसलो आणि बाहेर गलका झाला. बघते तर आमची गाडी. बैलांच्या तोंडाला फेस, नानांचं मुंडासं सुटलेलं आणि गाडीत पाण्याने भरलेली दोन पिंपं. आमच्या गावात रीत होती. आगीची हाक आली की कुणी रिकाम्या हाताने जायचं नाही. पुरुषाने घागर, बाईने हंडा, काहीच नसेल तर ओलं पोतं. भांडण असलेल्या घराला आग लागली तरी भरूनच जायचं. रिकामा गेला तो बघ्या, आणि गावात बघ्याला मान नसतो.

"आग कथी शे?" नानांनी विचारलं.

सरांनी समजावलं. आग नाही, ही चाचणी आहे, दर सोमवारी असते.

"ते मालेबी माहीत शे. पन आते वाजना तो चाचणीना का आगना, माले तठून कसं कळी?"

"अहो नाना, सोमवारी वाजला तर चाचणीचाच असणार."

"सोमवारले आग लागत नही, असं कोनी सांगं तुमले?"

नानांनी पिंपं आमच्या हौदात रिकामी केली, मायने दिलेली कळण्याची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातात ठेवली आणि ते गेले. पुढच्या सोमवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. पाऊस असो, चिखल असो, नाला उतरला असेल तर सोमवार आणि नाना चुकायचे नाहीत. हौदाला पाणी कमी पडायचं, त्यामुळे वसतिगृहातल्या बाकीच्या मुली सोमवारी डोकी धुवायला मोकळ्या झाल्या. कॉलेजभर आमच्या गाडीचं नाव 'बंब' पडलं. माझी एक मैत्रीण होती, शहरातल्या व्यापाऱ्याची मुलगी, जिभेची भारी तिखट. भोंगा वाजला की ती माझ्याकडे वळून म्हणायची, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! बंब निघाला बरं का गं तुझा."

मी हसायचे, पण मला त्याची लाज वाटायची. लाज वाटते याचा रागही यायचा, आणि तो सगळा राग मी नानांवर काढायचे. "नका येत जाऊ हो दर सोमवारी," असं मी एकदा त्यांना म्हटलं. ते म्हणाले, बरं, आणि पुढच्या सोमवारी आले.

दिवाळी झाली. सुट्टी संपवून मी परत आले, थंडी पडायला लागली आणि एका सोमवारी नाना आलेच नाहीत. मला आधी हायसं वाटलं. मैत्रीण म्हणाली, "बंबाला सुट्टी दिसते आज." मंगळवारी दुपारी गाडी आली. गाडीत पिंपं नव्हती.

"काल भोंगा वाजना का?" नानांनी विचारलं.

"वाजला की."

"माले ऐकू नही उना." बैलांच्या शिंगांवरून हात फिरवत ते म्हणाले, "मांगला सोमवारलेबी नही उना. तव्हय आदमासवर उनू मी. बोचकं बांध. आते चाल घर."

वारा फिरला होता. दिवाळीनंतर आमच्याकडे वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे गावाकडून कॉलेजकडे. भोंगा तोच, शिपाई तेच, पण आवाज उलटा शहरावरून निघून जात होता. मी रडले, भांडले, पाय आपटले. "वारा काय मना हातमा शे?" मी ओरडले.

"मनाबी हातमा नही," नाना शांतपणे म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं आणि त्यानेच माझं डोकं अधिक तापलं. वाईट वाटत असताना माणूस एवढा ठाम कसा राहू शकतो, हे मला आजही नीट कळलेलं नाही. मार्चमध्ये परीक्षा होती. पहिलं वर्ष पास झाले असते तर इंटरची वाट उघडली असती. आणि घरी पाटील आबांचं स्थळ पाय पसरून बसलेलं होतं.

बोचकं बांधून मी गाडीत बसले. कॉलेजचं आवार संपलं की ज्वारी लागायची. कणसं भरली होती आणि शेताशेतात चार खांबांवर माळे उभे होते. माळ्यावर कुणीतरी बाई किंवा म्हातारा बसलेला, हातात गोफण, शेजारी रॉकेलचा रिकामा डबा. पाखरं उतरली की डब्यावर दोन-तीन टोले आणि मग लांबलचक आरोळी, "हाऽऽ हो!" एका माळ्यावरून आरोळी उठली की पाखरं पुढच्या शेतात जायची, मग तिथून टोले. आमच्या गाडीच्या पुढे पुढे तो आवाज माळ्यामाळ्याने गावाकडे चालला होता. मी रडत होते, त्यामुळे जरा वेळ लागला, पण मग माझ्या लक्षात आलं.

"नाना, गाडी थांबाडा."

पहिलाच माळा एका म्हाताऱ्या अक्काचा होता. नवरा नव्हता, मुलगा शहरात हमाली करायचा, शेत दुसऱ्याचं आणि राखण तिची. मी खालून तिला सगळं सांगितलं. भोंगा वाजला की तू डबा वाजव, पुढच्या माळ्यावरची वाजवेल, मग त्याच्या पुढची, असं शेवटी नानांच्या विहिरीपर्यंत. अक्का वरून ऐकत होती आणि तिच्या तोंडाचं बोळकं हळूहळू पसरत होतं.

"तुना भोंगा माले माहीत शे," ती म्हणाली. "तो वाजस ना, तव्हय बठ्ठा पाखरे उडी जातस. सोमवारना दिन माले जराखा आराम ऱ्हास. वाजाडसू, काबर नही?"

फक्त पाखरांचे टोले आणि संकटाचे टोले वेगळे हवेत, हे तिलाच सुचलं. पाखरांसाठी टोले आणि आरोळी. संकटासाठी डबा न थांबता वाजवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. "तोंड बंद ठेवानं तेवढं जड जाई," असं म्हणून ती स्वतःच खूप हसली. मी संध्याकाळपर्यंत एकेका माळ्याखाली उभी राहून बोलले. तोवर परक्या माणसाशी मी कधी धड चार वाक्यं बोलले नव्हते. नाना गाडी घेऊन मागून येत होते. शेवटच्या माळ्याशी ते एवढंच म्हणाले, "सोमवारपावत बघू."

तो सोमवार मी घरी काढला. नाना थारोळ्यावर बसले, मी त्यांच्या मागे. आधी काहीच नाही. मग खूप लांबून पत्र्याची खडखड आली, मग जरा जवळून, मग आमच्या शेजारच्या माळ्यावरून असा कडकडाट झाला की बैल उठून उभे राहिले. नाना माझ्याकडे वळले आणि चक्क हसले. त्याच दुपारी पिंपं भरून, बोचकं वर टाकून, आमचा बंब मला घेऊन कॉलेजला निघाला.

झालं, सुरळीत चाललं. तोटा एकच. आधी भोंगा फक्त नानांना ऐकू यायचा, आता डबे सगळ्या गावाला ऐकू यायला लागले. पारावर बसलेले पाटील आबा म्हणायचे, "हा माणूस पोरीले डब्याना भरवशावर शिकाडी ऱ्हायना." सोमवारी डबे वाजले की सगळे हसायचे आणि एकटे नाना निघायचे. सोमवारचं सगळ्यांना पाठ झालं होतं. इतर वारी डबे वाजले तर काय, हा विचार मात्र कुणी केला नव्हता.

तो गुरुवार होता. थंडी कडाक्याची होती आणि अक्काचा घसा पार बसला होता. त्या दिवशी ज्वारीवर भोरड्या आल्या. ही पाखरं थंडीत येतात, शेकड्यांनी येतात, आणि एकदा उतरली की घटकाभरात शेत पांढरं करतात. अक्काने गोफण फिरवली, टोले दिले, आरोळी द्यायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मग ती बिचारी डबाच बडवत सुटली, न थांबता, तोंड बंद ठेवून. पुढच्या माळ्याने ते ऐकलं. त्याच्या पुढच्याने ऐकलं.

गावात काय झालं ते मायने मला नंतर सांगितलं. डबे वाजले, लोक हसायला लागले आणि मग कुणीतरी म्हणालं, अरे, आज गुरुवार. पाराचा पार उठला. जो तो घरात शिरला आणि भरलेली घागर घेऊन बाहेर आला. गाड्या जुंपल्या, बायका गाड्यांत हंडे धरून बसल्या, तरण्या पोरांनी ओली पोती खांद्यावर टाकली. पाटील आबांनी स्वतःची दमणी काढली आणि तिच्यात पाण्याचा रांजण चढवला.

आम्ही तेव्हा तर्कशास्त्राच्या तासाला होतो. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे अनुमान चालू होतं. तिकडे प्रिन्सिपॉल सरांनी खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर धुळीचा लोट, त्यात गाड्या आणि धावणारी माणसं. ते दिवस मोर्च्यांचे होते. एवढा जमाव कॉलेजवर चालून येतोय म्हटल्यावर सरांनी कपाळाचा घाम पुसला आणि शिपायांना आज्ञा केली, भोंगा वाजवा. भोंगा आणल्यापासून तो पहिल्यांदा चाचणीसाठी नव्हे, खराखुरा वाजला. आणि नेमका तेव्हाच जमाव फाटकाजवळ पोचला होता.

"ऐका! वाजना!" सगळ्यांच्या पुढे धावणारे नाना ओरडले. तोवर दमलेली माणसंसुद्धा पुन्हा पळायला लागली.

आमचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, धूर दिसत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण तोवर अर्धा वर्ग बाहेर होता आणि मी सगळ्यात पुढे. प्रिन्सिपॉल सर पायऱ्यांवर हात जोडून उभे होते.

"शांत राहा. तुमची मागणी काय आहे?"

"आग कथी शे?" नाना धापा टाकत होते.

"आग? आग कुठंच नाही!"

"मंग भोंगा काबर वाजाडा?"

"अहो, तुम्ही आलात म्हणून!"

"आम्ही त भोंगा वाजना म्हनीसन उनूत!"

एवढ्यात मागून, डबा काखेत घेऊन, अक्का लगबगीने येताना दिसली. तिच्या माळ्याखालून सगळा गाव धावत गेलेला तिने पाहिला होता. तिने बसलेल्या घशातून, जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, "काय वं माय, बठ्ठा कथा पळी ऱ्हायनात? कथी लागनी आग?"

तिचा आवाज ऐकला आणि काखेतला डबा पाहिला. मला समजलं. मग नानांना समजलं. मग एकेक करत सगळ्यांनाच समजलं. कॉलेजच्या पोरांत हशा पिकला आणि गावातल्या माणसांच्या माना खाली गेल्या. नाना आपल्या पायांकडे बघत उभे होते. आयुष्यात मी त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. लाजेने मेल्याहून मेलं होणं म्हणजे काय ते त्या क्षणी मला कळलं, आणि ती लाज माझी नव्हती, त्यांची होती.

पाटील आबा पुढे आले. "एक आंडेरपायी बठ्ठा गाव पळना," ते म्हणाले. आंडेर म्हणजे लेक, म्हणजे मी. आवाज चढवला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. "पुरं झालं आते. पानी ठी दे नि तिले गाडीमा बसाड."

नाना बैलांकडे वळले. त्यांचं पुन्हा एकदा ठरत चाललं होतं, हे मला दिसत होतं.

बायका हंडे घेऊन खोळंबल्या होत्या. आगीसाठी भरलेलं पाणी आमच्याकडे घरी परत नेत नाहीत. नेलं तर आग मागोमाग येते म्हणतात. त्यांच्यातून एकजण पुढे आली आणि ती माझी माय होती. गर्दीत मला ती दिसलीच नव्हती. कॉलेज सुरू झाल्यापासून ती एकदाही आली नव्हती. सोमवार असो की रविवार, तिचं काम कधी सुटायचंच नाही.

"पानी कथी ओतानं?" तिने मला विचारलं.

मी हौद दाखवला. माय पुढे, तिच्यामागे गावातल्या सगळ्या बायका, अशी ओळ मुलींच्या बंगलीत शिरली. हौद भरून वाहिला तरी बायका निघेनात. कुणी खिडकीतून आत बघत होतं, कुणी दोरीवर वाळत घातलेल्या साड्या बघत होतं, कुणी माझ्या तिखट जिभेच्या मैत्रिणीला तिचं गाव विचारत होतं आणि ती चक्क सरळ उत्तरं देत होती. माय म्हणाली, "तुनी खोली कोनती?" मी तिला आत नेलं. ती माझ्या खाटेच्या कडेला बसली, कंदिलाची काच पदराने पुसली, टेबलावरच्या पुस्तकांवर नुसता हात ठेवला. उचललं एकही नाही.

"आठे भ्या वाटस का तुले?"

"नही."

मग ती रिकामा हंडा काखेत घेऊन बाहेर गेली, ती थेट पाटील आबांसमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने आणखी पुढे ओढला. थोरांसमोर ती कधी बोलायची नाही, त्यामुळे आबाही चमकले.

"आबा, पानी त ओती दिन्हं आम्ही," ती म्हणाली. "जठे आपन पानी ओतं, ते घर परकं ऱ्हास का?"

आमच्या गावात याला एकच उत्तर आहे. ज्याच्या आगीला आपण पाणी नेलं त्याच्याशी मागचं भांडण मिटतं, त्याच्या घरची भाकर चालते, त्याच्या दारात उभं राहायला संकोच उरत नाही. आबांनी हे निवाडे स्वतः पारावर बसून दिले होते. मग त्यांनी आपल्या रांजणाकडे पाहिलं आणि गड्याला म्हणाले, "काय बघी ऱ्हायना? ओत तो हौदमा."

प्रिन्सिपॉल सरांना अहिराणी पुरती कळायची नाही, पण तेवढं कळलं. त्यांनी मुलांच्या खानावळीतून बादल्यांनी चहा मागवला. सगळा गाव कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून चहा प्यायला, अक्काला गुळाचा खडा घालून वेगळा दिला. आबांनी सरांना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी विचारलं. ते काय, हे मला जूनमध्ये कळलं, त्यांची थोरली नात आमच्या बंगलीत राहायला आली तेव्हा.

गाड्या निघाल्या. नाना सगळ्यात शेवटी राहिले. बैल जुंपून झाले तरी ते जू चाचपत होते. मी जवळ गेले. महिनाभरात ज्वारी कापली जाणार, माळे उतरणार, मग काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तेच माझ्या तोंडून निघालं.

"नाना, माळा उतरनात की भोंगा ऐकू नही येवाव."

"नही उना तरी चाली," ते गाडीवर चढत म्हणाले. "आते बठ्ठा गावले वाट माहीत व्हई गयी."

गाडी वळली. मी फाटकात उभी राहून रडले, आणि मैत्रिणीने विचारलं तेव्हा सर्दी झाल्याची थाप मारली नाही. पुढच्या सोमवारी भोंगा वाजला, कुत्री भिंतीकडेला बसली, डबे गावाकडे वाजत गेले, आणि नाना आले नाहीत. मी जेवण टाकून रस्त्याकडे बघत बसले. तो सबंध दिवस मला करमलं नाही.